जटिल जन्मजात हृदयदोष : नवजात बाळाच्या उपचारांत ‘केव्हा’ हा प्रश्न

उजवी_जवनिका (धागाकर्ता)

बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे कळले की घरची माणसे प्रथम विचारतात ते शस्त्रक्रिया कोणती आणि ती कोण करणार. हे स्वाभाविकच आहे. बालहृदयरोग विभागात काम करताना मला मात्र असे जाणवत आले आहे की जटिल दोषांमध्ये खरा पेच शस्त्रक्रिया केव्हा करायची हा असतो, आणि तो सुटला की कोणती करायची याचे उत्तर बरेचसे ठरून जाते. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. जाणकारांनी भर घालावी आणि मतभेद असल्यास तेही मांडावेत.

१००० जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात काही ना काही रचनादोष असतो. त्यांतील पुष्कळ दोष किरकोळ असतात आणि काही छिद्रे आपोआप बुजतातही. सुमारे एक चतुर्थांश बाळांना मात्र पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरद्वारे (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने) उपचार लागतात. या धाग्याचा विषय ही बाळे आहेत : ज्यांच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, ज्यांची डावी जवनिका (हृदयाचा खालचा, रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) वाढलेलीच नसते, ज्यांच्या फुप्फुस धमनीचे तोंड बंद असते, किंवा ज्यांच्या फुप्फुसांतून येणाऱ्या शिरा भलतीकडेच जोडलेल्या असतात.

यांपैकी बहुतेक बाळे गर्भात उत्तम वाढतात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. गर्भात प्राणवायू वारेतून मिळतो, फुप्फुसांकडे फारसे रक्त जातच नाही, आणि डक्टस ही फुप्फुस धमनी व महाधमनी यांना जोडणारी वाहिनी उघडी असल्याने एक वाट बंद असली तरी रक्ताला दुसरी मिळते. जन्मानंतर चित्र पालटते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात डक्टस पहिल्या दोन-तीन दिवसांत आकसते. ज्या बाळाचे फुप्फुसांकडचे किंवा शरीराकडचे सारे रक्त त्या एकाच वाहिनीतून जात असते, ते बाळ जन्मतः गुलाबी दिसूनही तिसऱ्या दिवशी अचानक कोसळते ते यामुळे.

ही वाहिनी उघडी ठेवता येते हे १९७५-७६ च्या सुमारास ऑकलंड आणि टोरांटो येथील डॉक्टरांनी दाखवले, आणि माझ्या मते या क्षेत्रातील कोणत्याही एका शस्त्रक्रियेपेक्षा त्या औषधाने अधिक बाळे वाचवली असावीत. प्रोस्टाग्लॅन्डिन ई-१ शिरेतून सतत सोडले की आकसू लागलेली डक्टस पुन्हा उघडते. मात्रा अगदी अल्प असते. डक्टस उघडी असेल तर वजनाच्या दर किलोमागे दर मिनिटाला ०.०१ मायक्रोग्रॅमही पुरतो. बाळ कोसळलेल्या अवस्थेत आले तर सुरुवात अधिक मात्रेने करून ती उतरवत आणतात. या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, ताप येतो आणि रक्तदाब उतरतो, त्यामुळे ते देताना व्हेंटिलेटरची सोय हाताशी लागते. तरीही पहिल्या काही दिवसांचे बाळ निळे पडून किंवा नाडी हरवलेल्या स्थितीत आले आणि डक्टसवर अवलंबून असलेल्या दोषाचा संशय असेल, तर इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) वाट न पाहता हे औषध सुरू करावे, असेच शिकवले जाते. डॉक्टरांच्या हाती त्यामुळे काही दिवस येतात आणि मध्यरात्री घाईने करावी लागणारी शस्त्रक्रिया दिवसा, तयारीनिशी करता येते.

याला अपवाद आहेत. फुप्फुसशिरांची जोडणी चुकलेली असून त्यांच्या वाटेत अडथळाही असेल तर प्रोस्टाग्लॅन्डिनचा उपयोग सहसा होत नाही, उलट नुकसान होऊ शकते. तेथे थेट तातडीची शस्त्रक्रियाच लागते. रक्तवाहिन्यांची अदलाबदल असलेल्या बाळात दोन कर्णिकांमधले (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधले) छिद्र अपुरे असेल तर नुसत्या औषधाने भागत नाही. अशा वेळी फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेली फुग्याची पद्धत वापरतात. नाळेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी डाव्या कर्णिकेत नेतात, तिच्या टोकाचा फुगा काही मिलिलिटर द्रवाने फुगवतात आणि एका ठाम झटक्यात उजवीकडे ओढतात. इकोच्या स्क्रीनवर कर्णिकांमधला पडदा फाटून कडा हलू लागलेल्या दिसतात आणि मॉनिटरवर पन्नाशीत अडकलेले सॅच्युरेशन (रक्तातील प्राणवायूची टक्केवारी) काही मिनिटांत सत्तरीच्या वर चढते. हे सारे बाळाच्या खाटेपाशीच करता येते.

दुसरी गोष्ट फुप्फुसांतील रोधाची, म्हणजे तेथील वाहिन्या रक्तप्रवाहाला करत असलेल्या विरोधाची. जन्मतः फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि त्यांचा रोध पहिल्या काही आठवड्यांत उतरत जातो. एकाच जवनिकेवर शरीर आणि फुप्फुसे दोन्ही अवलंबून असलेल्या बाळात ही नैसर्गिक घटनाच संकट ठरते, कारण रोध उतरेल तसे रक्त फुप्फुसांकडे अधिकाधिक वळते आणि शरीराच्या वाट्याचे कमी होते. अशा बाळाचे सॅच्युरेशन ९५ दिसले तर नवखा डॉक्टर समाधान मानतो, पण अनुभवी माणूस लगेच लघवीचे प्रमाण आणि रक्तातील लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडले की वाढणारे आम्ल) पाहतो. साधारण ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान दोन्हींकडचा प्रवाह बऱ्यापैकी समतोल राहतो. प्राणवायू हाही येथे फुप्फुसांच्या वाहिन्या रुंदावणारे औषधच आहे, म्हणून अशा बाळाला तो हात राखून देतात.

डावी बाजू अविकसित असलेल्या बाळाची तीन टप्प्यांची वाटही याच रोधाने आखली आहे. विल्यम नॉरवुड यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी बोस्टनमध्ये रूढ केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेत उजव्या जवनिकेलाच शरीराचा पंप बनवतात आणि फुप्फुसांना एका बारीक नळीतून मोजके रक्त देतात. ही साधारण पहिल्या आठवड्याच्या आसपास होते. पुढच्या ग्लेन शस्त्रक्रियेत शरीराच्या वरच्या भागातून परतणारी शीर सरळ फुप्फुस धमनीला जोडतात. तेथे ढकलणारा पंपच नसल्याने रोध उतरल्यावाचून रक्त पुढे सरकणार नाही, म्हणून ती नवजात बाळात शक्य नसते आणि सहसा चौथ्या ते सहाव्या महिन्यात करतात. खालच्या शरीराची शीर जोडणारी फॉन्टॅन शस्त्रक्रिया बहुधा २ ते ४ वर्षांच्या वयात होते.

तिसरे उदाहरण रक्तवाहिन्यांच्या अदलाबदलीचे. या बाळांची डावी जवनिका कमी दाबाच्या फुप्फुसांना रक्त पुरवत असते, आणि फुप्फुसांचा रोध उतरला की तिचे स्नायू काही आठवड्यांतच पातळ होऊ लागतात. धमन्यांची अदलाबदल सरळ करण्याची शस्त्रक्रिया आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये साओ पाउलो येथे प्रथम यशस्वी केली. ती साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उरकावी लागते, कारण त्यानंतर त्या जवनिकेला साऱ्या शरीराचा भार एकदम पेलत नाही. उशीर झालाच तर फुप्फुस धमनीभोवती पट्टी आवळून जवनिकेला आधी सराव द्यावा लागतो. जातेने यांच्यापूर्वी सेनिंग आणि मस्टर्ड यांच्या शस्त्रक्रियांत कर्णिकांच्या पातळीवर रक्ताची दिशा बदलत असत. त्यांत मुले जगली, परंतु उजवी जवनिका आयुष्यभर महाधमनीचा दाब सोसत राहिली आणि पुढे अनेकांत ती थकली.

रात्रपाळी_एनआयसीयू

डॉक्टर, लेख उत्तम आहे. मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. ‘केव्हा’ या प्रश्नात निदान केव्हा होते हेही धरायला हवे, म्हणून ही भर.

गर्भावस्थेतील सोनोग्राफीत दोष सुटला तर आमच्या हाती उरणारे सर्वांत सोपे साधन म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. बाळ २४ तासांचे झाले की एक मोजणी उजव्या हातावर आणि दुसरी कोणत्याही एका पायावर करतात. उजवा हातच घेण्याचे कारण असे की त्याची धमनी महाधमनीतून डक्टसच्या अलीकडे फुटते आणि पायाकडे जाणारे रक्त डक्टसच्या पलीकडचे असते. दोन्हींत ३ टक्क्यांहून अधिक तफावत असेल किंवा सॅच्युरेशन ९५ च्या खाली असेल तर मोजणी पुन्हा करतात. ९० च्या खाली असेल तर थांबायचेच नाही, लगेच डॉक्टरांना बोलवायचे. अमेरिकेत २०११ मध्ये ही चाचणी सर्व नवजात बाळांसाठीच्या शिफारशीत आली.

प्रत्यक्ष काम करताना लक्षात राहते ते हे की बाळाचा पाय गार असेल किंवा ते रडत असेल तर आकडा फसवतो. प्रोब पावलाच्या कडेला नीट गुंडाळून, त्यावर कापड टाकून, नाडीची लहर स्थिर झाल्यावरच आकडा लिहावा. शिवाय महाधमनी अरुंद असलेली बाळे या चाचणीतून पुष्कळदा निसटतात, कारण त्यांच्या रक्तात प्राणवायू पुरेसा असतो. म्हणून घरी सोडण्यापूर्वी दोन्ही जांघांतील नाडी बोटांनी तपासण्याला पर्याय नाही. ती लागली नाही तर मोजणी पास झालेल्या बाळालाही आम्ही सोडत नाही.

सावध_वाचक

धागा वाचनीय आहे, पण मूळ मांडणीशी मी अर्धाच सहमत आहे. वेळेने सारे ठरते असे म्हटले की ते शरीरशास्त्राच्या पुस्तकासारखे नीटस वाटते. प्रत्यक्षात तीन बाळांचा दोष एकच असूनही तिघांचे मार्ग निराळे होतात, कारण एक दोन किलोचे आणि अपुऱ्या दिवसांचे असते, दुसऱ्याला जनुकीय आजार असतो, आणि तिसऱ्याला आधीच जंतुसंसर्ग झालेला असतो.

फॅलोची चतुर्विकृती (चार दोष एकत्र असून फुप्फुसांकडची वाट अरुंद असलेला विकार) घ्या. ठरवून करायची पूर्ण दुरुस्ती अनेक केंद्रांत ३ ते ६ महिन्यांच्या वयात होते. एखादे बाळ त्याआधीच निळे पडू लागले तर काय करावे, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. काही जण नवजात अवस्थेतच पूर्ण दुरुस्ती करतात. तिचा लाभ हा की दुसरी शस्त्रक्रिया वाचते आणि हृदय लवकर मार्गी लागते, पण तोटा हा की इतक्या लहान हृदयात उजव्या जवनिकेचे तोंड रुंदावण्यासाठी झडपेच्या कड्यापलीकडे ठिगळ नेण्याची वेळ अधिक वेळा येते, झडप कायमची गळकी राहते आणि तारुण्यात ती बदलावी लागते. दुसरे मत असे की आधी तात्पुरता रक्तपुरवठा करावा. त्यासाठी जॉन्स हॉपकिन्स येथे २९ नोव्हेंबर १९४४ रोजी प्रथम केलेली, आल्फ्रेड ब्लेलॉक, हेलन टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या नावांनी ओळखली जाणारी जोडणी आजही बदललेल्या स्वरूपात वापरात आहे. आता हाताची धमनी न कापता साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाची कृत्रिम नळी बसवतात. (थॉमस यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती आणि ते कृष्णवर्णीय होते, म्हणून त्यांचे नाव या जोडणीला लागायला दशके जावी लागली, हे येथे नोंदवलेच पाहिजे.) अलीकडे अनेक ठिकाणी छाती न उघडता कॅथेटरने डक्टसमध्येच स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवतात.

म्हणजे दोष तोच आणि शरीराचे वेळापत्रकही तेच, पण मार्ग तीन. निवड होते ती बाळाचे वजन, फुप्फुस धमन्यांची जाडी आणि त्या केंद्राचा हात कशात बसला आहे यांवरून. २२ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल तर रक्तातील कॅल्शियम उतरते आणि प्रतिकारशक्ती दुबळी असू शकते, म्हणून किरणोत्सर्ग दिलेले रक्तच वापरावे लागते. ही चौकशी शस्त्रक्रियेनंतर करून उपयोग नाही.

उजवी_जवनिका

सावध_वाचक, आपला आक्षेप मोलाचा आहे आणि चतुर्विकृतीचे उदाहरण नेमके आहे. तरीही मी माझे म्हणणे पूर्ण सोडत नाही. आपण सांगितलेल्या तिन्ही मार्गांत वाद झडतो तो पूर्ण दुरुस्ती आज की चार महिन्यांनी यावरच. वजन, संसर्ग आणि जनुकीय आजार हे मला त्या प्रश्नाला फाटे फोडणारे घटक वाटतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयी मात्र एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. दोष आधीच कळला असेल तर प्रसूती लवकर करून उपचार लवकर सुरू करावेत, असे अनेकांना सहज वाटते. बाळाची किंवा आईची प्रकृती तसे भाग पाडत नसेल तर ते टाळावे. गंभीर हृदयदोष असलेल्या बाळांचे निकाल ३९ व्या आठवड्याच्या सुमारास जन्मलेल्यांत अधिक चांगले आढळले आहेत. मेंदूचे कारणही त्यात आहे. अविकसित डावी बाजू किंवा अदलाबदल झालेल्या वाहिन्या असलेल्या, पूर्ण दिवस भरलेल्या बाळाचा मेंदूही एमआरआयमध्ये सुमारे महिनाभर मागे दिसतो, कारण गर्भातच त्याला मिळणाऱ्या रक्ताची प्रत वेगळी असते. अशा मेंदूचे आणखी दोन-तीन आठवडे आपण होऊन कमी करू नयेत.

पंपावरचा_माणूस

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुस यंत्र चालवतो. येथे रक्ताचा हिशेब कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहितो. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सुमारे अडीचशे मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाच्या दोन कपांइतके. यंत्राच्या नळ्या भरायलाच त्याच्या निम्म्याहून अधिक द्रव लागू शकतो, त्यामुळे बहुतेक नवजात बाळांत दात्याचे रक्त आधीच यंत्रात भरावे लागते. आम्ही यंत्र खाटेच्या जितके जवळ नेता येईल तितके नेतो आणि नळ्या इंचाइंचाने कापतो.

शस्त्रक्रियेनंतर हृदयाला सूज येते. नॉरवुडनंतर पुष्कळदा छातीचे हाड लगेच जोडत नाहीत. वर एक पातळ पडदा शिवून बाळाला तसेच अतिदक्षता विभागात नेतात आणि सूज उतरल्यावर, काही दिवसांनी, छाती बंद करतात. त्या पडद्याखाली हृदय हलताना दिसते. नातेवाइकांना हे आधी सांगितलेले नसेल तर पहिल्या भेटीत त्यांचे पाय लटपटतात, म्हणून ते आधीच सांगावे.

नॉरवुडमध्ये फुप्फुसांना रक्त कोठून द्यायचे यावर मोठा वाद होता. एक मार्ग ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग पद्धतीच्या नळीचा. दुसरा जपानमधील शुन्जी सानो यांनी पुढे आणलेला, ज्यात नळी थेट उजव्या जवनिकेतून निघते. पहिल्यात हृदय विसावण्याच्या क्षणीही रक्त फुप्फुसांकडे ओसरत राहते आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्या उपाशी राहतात. दुसऱ्यात हे टळते, पण जवनिकेच्या भिंतीला छेद द्यावा लागतो. उत्तर अमेरिकेतील १५ केंद्रांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून केलेल्या अभ्यासाचे निकाल २०१० मध्ये आले. त्यात ५४९ बाळांचा हिशेब होता. प्रत्यारोपणावाचून एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण सानो पद्धतीत ७४ टक्के आणि ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग पद्धतीत ६४ टक्के होते. पुढच्या वर्षांत हे अंतर कमी होत गेले. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर कोणी पैज लावू लागला की मी सावध होतो.

फार अशक्त बाळांसाठी संकरित मार्गही आहे, जो जर्मनीतील गीसेन आणि पुढे अमेरिकेतील कोलंबस येथील केंद्रांनी विकसित केला. त्यात यंत्रावर न घेता दोन्ही फुप्फुस धमन्यांवर पट्ट्या आवळतात आणि डक्टसमध्ये स्टेंट ठेवतात. मोठे काम काही महिन्यांनी करतात. पण ते तेव्हा आणखी मोठे झालेले असते, हेही लक्षात घ्यावे.

चैत्रपालवी

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. आमच्या मुलाची डावी जवनिका जन्मतः अविकसित होती आणि त्याच्या तिन्ही शस्त्रक्रिया झाल्या आहेत. वर सगळ्यांनी शस्त्रक्रियांविषयी लिहिले आहे, पण आमची सर्वांत अवघड वेळ पहिली आणि दुसरी यांच्या मधली होती, कारण तेव्हा बाळ घरी होते.

आम्हाला वजनकाटा आणि पल्स ऑक्सिमीटर देऊनच घरी सोडले होते. रोज सकाळी दूध पाजण्यापूर्वी, लंगोट काढून, त्याच काट्यावर वजन करायचे आणि वहीत लिहायचे. सॅच्युरेशन ७५ च्या खाली गेले, एका दिवसात वजन ३० ग्रॅमने उतरले, किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमनेही वाढले नाही, तर फोन करायचा आणि फोनवर धीर दिला तरी दाखवायला न्यायचेच, असे ठरलेले होते. तेव्हा मला हे आकडे जाचक वाटत. साधा जुलाब किंवा नाक चोंदणेही या काळात नळी बंद पडण्याचे निमित्त होऊ शकते, कारण अंगातले पाणी कमी झाले की रक्त घट्ट होते. हे समजल्यावर वहीचा राग गेला. दूध पिताना बाळ घामाघूम होत असे आणि निम्म्यातच झोपी जाई, म्हणून उरलेले नाकातल्या नळीतून द्यावे लागे. हा थकवा हृदयाचा असतो; आईचे पाजण्याचे तंत्र चुकते असे समजून घरात तिला बोल लावू नयेत.

माझी तक्रार एवढीच की पहिल्या रुग्णालयात आम्हाला तीन शस्त्रक्रियांनंतर सारे मार्गी लागेल असे सांगितले गेले. तिसरीनंतरही आयुष्यभर तपासण्या राहणार आहेत हे आम्हाला दुसरीकडे, फार उशिरा कळले.

उजवी_जवनिका

चैत्रपालवीताई, आपण लिहिलेली पद्धत मिलवॉकी येथील केंद्राने २००० च्या सुमारास सुरू केली आणि तिच्यामुळे दोन टप्प्यांमधील मृत्यू तेथे लक्षणीय घटले. काट्यावरचे २० ग्रॅम हे या सबंध क्षेत्रातील सर्वांत स्वस्त पण प्रभावी साधनांपैकी एक आहे.

आपली तक्रारही रास्त आहे. फ्रान्सिस फॉन्टॅन यांनी बोर्दो येथे केलेली ही शस्त्रक्रिया १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती मुळात त्रिदल झडपच (उजवी कर्णिका व उजवी जवनिका यांच्यामधली झडप) नसलेल्या रुग्णांसाठी. तिने एकाच जवनिकेच्या मुलांना प्रौढपण दिले. पण पंपावाचून फुप्फुसांतून रक्त ढकलायचे तर शिरांतला दाब कायम चढा राहतो, आणि त्याची किंमत यकृत मोजते. वर्षे सरतील तसे जवळजवळ सर्वच रुग्णांच्या यकृतात थोडेफार तंतुमय बदल होतात. काहींना आतड्यातून प्रथिने गळण्याचा त्रास होतो, काहींच्या हृदयाची लय बिघडते. हे पालकांना पहिल्याच भेटीत, शक्य तर गर्भावस्थेतच सांगावे, या मताचा मी आहे.

गवाक्ष

एक अवघड प्रश्न विचारतो. शस्त्रक्रिया न करण्याचा पर्याय पालकांसमोर ठेवला जातो का? ठेवावा का?

उजवी_जवनिका

गवाक्ष, अविकसित डाव्या बाजूच्या बाळांविषयी हा प्रश्न नॉरवुडच्या काळापासून आहे. त्यापूर्वी ही बाळे बहुतांशी पहिल्या काही आठवड्यांत दगावत. आता अनुभवी केंद्रांत बहुसंख्य बाळे पहिल्या टप्प्यातून बाहेर पडतात, त्यामुळे काही तज्ज्ञ केवळ वेदनाशामक शुश्रूषेचा पर्याय सर्वांपुढे ठेवणे आता अयोग्य मानतात. मला तसे वाटत नाही. कर्णिकांमधला पडदा गर्भातच बंद असल्याने फुप्फुसे बिघडलेली असणे, त्रिदल झडप फार गळणे, जोडीला गंभीर जनुकीय आजार असणे, अशा बाळांत धोका कितीतरी पटींनी वाढतो. तेथे पालकांनी बाळाला कष्ट न देता कुशीत ठेवण्याचा निर्णय घेतला तर तो प्रेमाचा निर्णय असतो, आणि वैद्यकीय संघाने त्यांना तसे वागवावे. मात्र निर्णय सर्व माहितीवर व्हावा आणि पैशाअभावी किंवा घाईत होऊ नये.

प्रत्यारोपण हा तिसरा मार्ग आहे. लिओनार्ड बेली यांनी लोमा लिंडा येथे १९८५ मध्ये अर्भकातील हृदयप्रत्यारोपण यशस्वी करून दाखवले. येथेही वय आड येते, पण या वेळी बाळाच्या बाजूने : पहिल्या काही महिन्यांत अर्भकाच्या रक्तात इतर रक्तगटांविरुद्धची प्रतिपिंडे फारशी तयार झालेली नसतात, त्यामुळे रक्तगट न जुळणारे हृदयही स्वीकारले जाऊ शकते. टोरांटोच्या डॉक्टरांनी १९९६ पासून ही पद्धत वापरली आणि वाट पाहता पाहता दगावणाऱ्या बाळांची संख्या कमी केली. अडचण दात्यांची राहतेच, कारण तेवढ्याच लहान बाळाचे हृदय हवे असते. अर्भकावस्थेत बसवलेली हृदये निम्म्या रुग्णांत दोन दशकांहून अधिक काळ टिकतात, तरी पुढे दुसऱ्या प्रत्यारोपणाचा प्रश्न येऊ शकतो.

पंपावरचा_माणूस

प्रत्यारोपणाचा विषय निघाला म्हणून एक जोड. २०२२ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात एका नवजात बाळात संपूर्ण हृदयाऐवजी केवळ झडपांसह दोन मोठ्या धमन्यांचे मूळ जिवंत ऊतीसह बसवले गेले. या बाळाच्या हृदयातून दोन धमन्यांऐवजी एकच खोड निघत होते. मृत ऊतीच्या झडपा बाळाबरोबर वाढत नाहीत आणि पुन्हा पुन्हा बदलाव्या लागतात. या मात्र वाढताना आढळल्या आहेत. हे तंत्र अजून कोवळे आहे, पण मला त्याच्याकडून आशा आहे.

दूर्वा_म

माझा भाचा साडेचार वर्षांचा आहे. ग्लेन झाल्यानंतर त्याचे सॅच्युरेशन ८५ च्या आसपास असे, ते आता ८० च्या खाली येऊ लागले आहे. डॉक्टर फॉन्टॅन करण्यापूर्वी कॅथेटर तपासणी करू म्हणतात. आधीच उशीर झाला आहे का, अशी घरात चिंता आहे.

उजवी_जवनिका

दूर्वाताई, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय त्याच्याविषयी मत देणे योग्य नाही, पण सर्वसाधारण कारण सांगतो. तान्ह्या बाळाचे डोके मोठे आणि पाय लहान असतात, म्हणून ग्लेननंतर शरीरातून परतणाऱ्या रक्ताचा मोठा हिस्सा फुप्फुसांतून जातो. मूल उंच होते, चालू-पळू लागते, तसा पायांकडून येणाऱ्या, फुप्फुसांना वगळून जाणाऱ्या रक्ताचा वाटा वाढतो आणि सॅच्युरेशन उतरते. म्हणून हळूहळू झालेली घट अपेक्षित असते. ती झपाट्याने झाली असेल तर वरच्या शिरांमधून खाली पळवाटा फुटल्या आहेत का, किंवा फुप्फुसांत धमन्या व शिरा थेट जुळल्या आहेत का, हे पाहावे लागते. पळवाटा सापडल्या तर त्याच कॅथेटर तपासणीत त्या बंद करता येतात.

साडेचार वर्षे हे वय काही केंद्रांच्या दृष्टीने नेहमीचेच आहे. तपासणीत फुप्फुस धमनीतला दाब, फुप्फुसांचा रोध, जवनिकेची ताकद आणि झडपेची गळती या चार गोष्टी नीट निघाल्या तर शस्त्रक्रियेची तारीख मिळेल. दाब चढा निघाला तर आधी त्याचे कारण शोधून उपचार करतील, आणि त्या वेळी थांबायला सांगितले तर ते ऐकावे. तपासणीला जाताना मागच्या सर्व इकोचे अहवाल आणि ग्लेन शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद बरोबर न्या. शल्यचिकित्सक प्रथम तीच मागतील.